मुद्दाम पाडलेले ओरखडे

लोकांच्या मालाला नावं ठेवण्याचा मला पगार मिळत असे. भोसरीतल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात केस पांढरे होईपर्यंत मी तेच केलं. रबरी बुश, बेअरिंग, स्प्रिंगा, पत्र्याचे ब्रॅकेट, समोर काहीही आलं तरी आधी तोंड वाकडं करायचं, मग चष्मा लावायचा आणि मग माल बघायचा. माल चांगला असला तर खोक्याला नावं ठेवायची. खोकंही चांगलं निघालं तर उशीर केलात म्हणायचं. पुरवठादार माझ्या पाठीमागे मला काय म्हणत ते मला ठाऊक आहे, पण दिवाळी अंक घरातली मुलंही वाचतात.

निवृत्तीनंतर हे कसब मी भाजीवाल्यावर, दूधवाल्यावर आणि शेवटी दिलीपरावांवर वापरू लागले. दिलीपराव म्हणजे माझे यजमान. काळेवाडीत त्यांचं वाद्यांचं दुकान आहे. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. माणूस सुरात पक्का आणि व्यवहारात कच्चा. घाऊक व्यापाऱ्यासमोर गिटार मांडीवर घेऊन, डोळे मिटून "वा" म्हणणारा माणूस भाव काय करणार?

"तू खरेदी बघ, मी विक्री बघतो," ते एकदा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही गिऱ्हाइकांबरोबर चहा पीत बसणार."

"म्हणून तर म्हटलं, दोघांच्याही आवडीची वाटणी आहे."

अशी मी या धंद्यात आले. आमच्या दुकानात ढोलकी, हार्मोनियम, टाळ सगळं मिळतं, पण नाव झालं ते पोकळ गिटारींमुळे. ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही कळत नव्हतं. नेहमीची इलेक्ट्रिक गिटार म्हणजे लाकडाची भरीव फळी. ती तारांचा आवाज वायरीतून स्पीकरला पाठवते. पोकळ गिटारही वायरीवरच चालते, पण तिचं पोट सतारीच्या भोपळ्यासारखं रिकामं असतं आणि तारांच्या दोन्ही अंगांना लांबट, वळणदार भोकं असतात. त्यामुळे आवाज गोल आणि उबदार येतो, असं दिलीपराव म्हणतात. माझ्या कानाला दोन्ही सारख्याच. तर अशा खूप जुन्या काळच्या गिटारी आता सहसा मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत. म्हणून कंपन्या तीच मॉडेलं, त्याच आकारात आणि त्याच रंगात, आज पुन्हा काढतात. त्यांना रीइश्यू म्हणतात. वस्तू या वर्षीची आणि तोंडवळा आजोबांच्या काळातला. आमच्या कारखान्यात बंद पडलेल्या मॉडेलचा माल पुन्हा काढायची वेळ आली की सगळे कपाळाला हात लावत. इथे लोक त्यासाठी जास्त पैसे मोजतात.

आम्हाला परवडायच्या त्या सवलतीतल्या. खोकं फुटलेल्या, गिऱ्हाइकाने उघडून परत पाठवलेल्या, न खपलेल्या रंगाच्या. चाकणच्या बाजूला महाळुंग्यात ऑनलाइन मालाची मोठी गोदामं आहेत. परत आलेला माल तिथे साचतो आणि मग लॉटने निघतो. मिक्सर, बूट, सायकली आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी गिटारी. मी जाताना बॅटरी आणि दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा घेऊन जाते. बॅटरी एका भोकातून, आरसा दुसऱ्या भोकातून. आतला जोड सुटलाय का, डिंक ओघळलाय का, मान सरळ आहे का, एवढं बघायचं. जी गिटार घ्यायची असते तिच्याकडे शेवटपर्यंत बघायचं नाही. आणि भाव ठरेपर्यंत चहा घ्यायचा नाही, कारण चहा प्यायलेल्या माणसाचा आवाज मऊ होतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. भोसरीचा एक बँडवाला पोकळ गिटार घेऊन गेला आणि आठवड्यात तक्रार घेऊन आला की ही ओरडते. ओरडणारच. मोठ्या स्पीकरसमोर पोकळ गिटार नेली की स्पीकरचा आवाज तिच्या पोटात शिरतो, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये जातो, आणि कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज येतो. उपाय साधा आहे. भोकांमध्ये थोडा फोम बसवायचा. दिलीपरावांनी तो सांगितला. हा गडी मोटारींच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत कामाला. त्याने सीटच्या फोमचे तुकडे कोंबून कोंबून आत भरले. महिन्याने पुन्हा आला. "काकू, आता ती ओरडत न्हाई, पण बोलत बी न्हाई." मी आणि दिलीपराव चिमटे घेऊन बसलो आणि त्या गिटारीच्या पोटातून जवळजवळ अख्खी सीट बाहेर काढली.

दुसरा चिरायू. वाकडला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, गिटारींबद्दल त्याला सगळं माहीत असतं. एकदा त्याने रीइश्यूच्या भोकाला नाक लावून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाला, "काकू, हा जुन्या लाकडाचा वास. हा बनवता येत नाही." तो वास मी कपाटात ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांचा होता. मी मान डोलावली. गिऱ्हाइकाचं समाधान मोडायला मला कोणी पगार देत नाही.

आता ज्या गिटारीसाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते.

गेल्या हिवाळ्यात महाळुंग्याच्या गोदामात काही पोकळ रीइश्यू निघाल्या. गोदामाचा मॅनेजर त्रिपाठी म्हणून एक गरीब स्वभावाचा माणूस. त्या लॉटमध्ये एक मधाच्या रंगाची गिटार होती आणि तिची अवस्था बघवत नव्हती. हात टेकतो तिथला रंग उडालेला, पाठीवर ओरखडे, स्क्रू काळवंडलेले, कडा घासलेल्या. आतून मात्र कोरी, एक जोड हललेला नाही. मी त्रिपाठीला एकेक ओरखडा बोट ठेवून दाखवला. त्याच्या मालाला इतकी नावं ठेवली की तो बिचारा स्वतःच म्हणाला, "मैडम, इसको तो कोई फ्री में भी नहीं लेगा." मी लगेच फोटो काढून दिलीपरावांना पाठवला आणि फोन लावला. ते हळू आवाजात म्हणाले, "घेऊन टाक. एक शब्दही बोलू नकोस." असं कोणी सांगितलं की माझ्या अंगात येतं. मी आणखी भाव पाडला आणि मगच चहा घेतला.

टेम्पोत बसल्यावर दिलीपरावांनी फोनवर खुलासा केला. ते ओरखडे कंपनीनेच पाडलेले होते. वर्षानुवर्षं वाजवल्यासारखी दिसावी म्हणून रंग मुद्दाम घासतात, स्क्रू मुद्दाम काळवंडवतात, आणि असल्या गिटारीला साध्या रीइश्यूपेक्षा जास्त किंमत घेतात. त्रिपाठीला ते माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. ज्या ओरखड्यांना खोट म्हणून मी कमी पैसे दिले तेच तिची शोभा होते. खरेदीत इतकी वर्षं काढून माझी सगळ्यात भारी खरेदी माझ्या अडाणीपणाने झाली, हे मला फार आवडलं.

गिटार दुकानात टांगल्याबरोबर चिरायूने फोटो मागवला आणि वेड्यासारखा फोन करत सुटला. पण त्याच्या आधी प्रज्ञा आली.

प्रज्ञा सोनवणे चाकणला एका कंपनीत डिझाइन विभागात आहे. तिचे वडील, सोनवणेभाऊ, मोटारींच्या कारखान्यातल्या पेंट शॉपमधून निवृत्त झाले. त्यांचा भीमगीतांचा संच आहे. पिंपरीपासून देहू रोडपर्यंत एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम लागले की त्यांना उसंत नसते. भाऊ स्वतः गातात. प्रज्ञा कॉलेजात असल्यापासून संचात मागच्या रांगेत, एका साध्या गिटारीवर साथ करत होती. यंदाच्या जयंतीला पहिल्यांदा वडिलांनी तिला पुढे, स्वतःच्या शेजारी उभं करायचं कबूल केलं होतं. ते तिने आम्हाला इतक्यांदा सांगितलं की दिलीपराव तिला बघितल्यावर आपणहोऊन "पुढे?" एवढंच विचारत, आणि ती "पुढे" म्हणे.

तिने ती मधाळ गिटार गळ्यात घातली, वायर लावली, तीन-चार सूर छेडले आणि तिचा चेहरा असा झाला की मी भाव सांगताना नेहमीपेक्षा कमी सांगितला. हे दिलीपरावांना अजून ठाऊक नाही. हा अंक त्यांच्या हाती लागेल तेव्हा लागेल.

दुसऱ्याच दिवशी ती परत आली, गिटार घेऊन आणि वडिलांना घेऊन. सोनवणेभाऊंनी गिटार काउंटरवर आडवी ठेवली. मग अंगठ्याचं नख प्रत्येक ओरखड्यावरून फिरवलं. पेंट शॉपवाल्यांची ही पद्धत मला माहीत होती. नख सहज सरकलं तर पॉलिशने भागतं, अडकलं तर पुन्हा रंग द्यावा लागतो. त्यांचं नख सगळीकडे अडकत होतं.

"ताई, खरं सांगा. ही नवी हाय का जुनी?"

"नवी आहे, भाऊ."

"मग हे काय?"

"कंपनीने मुद्दाम पाडलेत. जुनी दिसावी म्हणून."

भाऊंनी नख उचललं. "म्हंजे पगार देऊन माणूस बसवलाय? ओरखडे पाडायला?"

"बसवला असणार."

"शिफ्टमधी?"

"शिफ्टमध्येच असेल."

"आन् त्याच्यावर सुपरवायझर?"

"तोही असेल की."

"त्यो काय बघतो? नीट पाडले का म्हणून?"

एवढं बोलून त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. स्टुलावर बसून, डोळे पुसत ते हसत होते. मला आणि दिलीपरावांनाही आवरेना. प्रज्ञा मात्र हसत नव्हती. ती वडिलांना ओळखत होती.

हसू ओसरल्यावर भाऊ म्हणाले, "ताई, आमच्या घरात सगळं दुसऱ्यानं वापरून दिलेलं यायचं. सदरा, चप्पल, दप्तर. लग्नातली प्यांट बी माझी नव्हती. नवी वस्तू कशी असती ते मी कंपनीत लागलो तवा बघितलं. गाडी रंगाच्या भट्टीतून बाहेर आली की तिच्यात आपलं तोंड दिसायचं. कुठं एक ओरखडा दिसला तरी आमी पुन्हा रंगवायचो. आन् माझी पोरगी, स्वतःच्या पगारातनं घेतीय, ती जुनी दिसावी म्हणून घेतीय? ही ज्यांच्याकडं कायम नवं असतं त्यांची हौस हाय. आपली न्हाई."

"बाबा, गिटार आवाजासाठी घेतात," प्रज्ञा म्हणाली.

"आवाज चांगलाच हाय. पण असली ओरखड्याची घेऊन माझ्या शेजारी न्हाई उभं राहायचं. जयंती हाय ती."

"मग मी मागेच उभी राहते. माझ्या आधीच्या गिटारवर."

"राहा."

मला दोघांचंही पटत होतं, आणि हे खरेदी विभागातल्या माणसाला झेपत नाही. तिथे माल एक तर पास असतो, नाही तर नापास. शिवाय चिरायू टपून बसला होता. ही गिटार परत आली असती तर मी त्याच्याकडून दुप्पट काढली असती. तोंडावर काळजी ठेवून मी मनात हिशेब करत होते. पण जिने इतकी वर्षं मागच्या रांगेत काढली ती पोरगी एका रंगापायी पुन्हा मागे जाणार, हे काही त्या हिशेबात बसेना. मी म्हटलं, "भाऊ, लगेच परत करू नका. थोडे दिवस घरात राहू द्या. नजरेला सवय होते."

भाऊंनी थोडा विचार केला. "ठेवतो. बघतो काय करता येतंय."

ते गेल्यावर दिलीपराव म्हणाले, "विरघळला माणूस. घरात वाद्य असलं की माया लागतेच." मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि इथेच आम्ही दोघं चुकलो. पेंट शॉपमधला माणूस "बघतो काय करता येतंय" म्हणतो तेव्हा तो विरघळलेला नसतो. त्याने नापास मालाचं रीवर्क ठरवलेलं असतं.

मार्च संपत आला तेव्हा एका संध्याकाळी प्रज्ञा थेट कामावरून आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच होतं. तिने गिटारीची पेटी काउंटरवर ठेवली आणि उघडली.

आत निळीभोर गिटार होती. इतकी चकचकीत की छतावरची ट्यूबलाइट तिच्यात सरळ दिसत होती. भाऊंनी भोसरीला मित्राच्या रंगकामाच्या शेडमध्ये नेऊन तिचे सगळे सुटे भाग काढले होते, जुना रंग घासून काढला होता, भोकांच्या कडा आणि डोक्यावरचं कंपनीचं नाव टेप लावून जपलं होतं, आणि थरावर थर निळा मारला होता. काळे स्क्रू जाऊन नवे आले होते. लाकूड म्हणून भट्टीत घातली नाही, एवढं आमचं नशीब.

दिलीपराव पेटीवर वाकले. "अगं, ही तर स्कूटर झाली."

मी बॅटरी घेतली, आरसा घेतला, सगळीकडून बघितलं. नावं ठेवायला जागा सापडेना. असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

"काकू, मला विचारलंसुद्धा नाही," प्रज्ञा म्हणाली. "सकाळी उठले तर समोर ही. आणि बाबा लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडे बघत उभे. मी काय बोलणार?"

"काय बोललीस?"

"छान आहे म्हटलं. आणि कामावर जाऊन रडले."

तेवढ्यात चिरायूही आला. त्याने पेटीत डोकावलं आणि गल्लीत अपघात बघितल्यासारखा मागे सरकला. "काकू, तुम्हाला कळतंय का इथे काय झालंय? हिची सगळी किंमत गेली." मी म्हटलं, "कळतंय. रंग फार चांगला बसलाय." तो काही वेळ उसासे टाकत उभा राहिला आणि तारा छेडायच्या प्लास्टिकच्या पिकांचं पाकीट घेऊन गेला.

प्रज्ञाने गिटार गळ्यात घातली. वायर लावून ती वाजवत राहिली, आम्ही दुकान आवरायला लागलो तरी वाजवत राहिली. दिलीपराव डोळे मिटून ऐकत होते. आवाज किंचित बदललाय म्हणाले, पण असं ते तारा बदलल्या तरी म्हणतात. शेवटी तिने वायर काढली. "मला ही आवडलेली नाही, काकू. माझी ती गेली. पण पुढे उभी राहणार ती हिच्यावरच." मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. मी पेटीचं कुलूप घट्ट आहे का ते बघितलं.

जयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही दोघंही गेलो. पिंपरीत स्टेजच्या दोन्ही बाजूंना स्पीकरच्या भिंती उभ्या होत्या. माझा जीव त्या गिटारीच्या पोकळ पोटात अडकलेला. सोनवणेभाऊ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, छातीवर अशोकचक्राचा पितळी बिल्ला, आणि त्यांच्या शेजारी, पुढे, प्रज्ञा. दिव्यांत ती निळी गिटार अशी चमकत होती की मागच्या खुर्च्यांवरची माणसं उठून बघत होती. एकदा गिटार ओरडलीच. प्रज्ञाने तारांवर तळवा दाबला, अंग वळवलं आणि पुढचा सूर घेतला. लोकांना तो गाण्याचाच भाग वाटला. त्यांनी शिट्ट्या मारल्या. शेवटच्या गाण्यात भाऊंनी मध्येच गायचं थांबवून माइक तिच्या गिटारीसमोर धरला आणि ती एकटी वाजवत राहिली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी ते धुळीवर ढकललं. गाणं संपल्यावर भाऊंनी सगळ्या वस्तीसमोर लेकीला मिठी मारली. खाली उतरल्यावर ती धापा टाकत आमच्याकडे आली आणि म्हणाली, "कशी झाली, काकू?" मी म्हटलं, "स्पीकर वाईट होते."

पुढच्या दिवशी दुपारी सोनवणेभाऊ एकटेच पेटी घेऊन दुकानात आले. दिलीपराव जेवायला घरी गेले होते. भाऊंनी गिटार काढून काउंटरवर ठेवली. वरच्या अंगाला, त्या आरशासारख्या निळ्यात, बोटभर लांबीचा पांढरा ओरखडा होता. मी नख फिरवून बघितलं. अडकलं.

"कोणी पाडला?" मी विचारलं. जुनी सवय.

कारखान्यात या प्रश्नाला उत्तर येत नाही. प्रत्येक जण आधीच्या शिफ्टकडे बोट दाखवतो. पेंट शॉपमध्ये तर अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, काहीही धातूचं अंगावर घालून जायला बंदी असते, रंगाला लागेल म्हणून. सोनवणेभाऊ लग्नाची अंगठीसुद्धा घरी काढून ठेवून कामावर जात. त्यांच्या हातून एकाही गाडीवर ओरखडा पडला नव्हता, आणि हे ते ओळख झालेल्या प्रत्येकाला सांगत.

"मी पाडला," ते म्हणाले. "काल पोरीला जवळ घेतली तवा. बिल्ला लागला."

"अहो, मग त्यात काय. तुमच्या त्या मित्राकडे पाठवू या. तेवढाच भाग घासून, एक हात मारून..."

"न्हाई, ताई." त्यांनी गिटार माझ्या हाताखालून स्वतःकडे ओढून घेतली. "मी नुसत्या तारा बदलायला आणलीय. आन् दिलीपभाऊंना सांगा, फडकं मारताना तेवढी जागा जपून."